सासऱ्याच्या गोठ्यातलं वर्ष

भरत उतेकरनं शपथा कमी घेतल्या नव्हत्या. गावदेवीपुढे नारळ ठेवून घेतली होती, मेलेल्या आईच्या फोटोला हात लावून घेतली होती. एकदा तर बायकोचा, नूतनचा हात त्यानंच मोडला होता तेव्हा तिच्या प्लास्टरवर डोकं टेकून, नाक ओढत, हुंदके देत घेतली होती. प्रत्येक शपथ मनापासूनची होती आणि प्रत्येक शपथ मोडली. सगळ्यांत जास्त टिकलेली अठरा दिवस टिकली.

कामाला माणूस चोख. महाडात राहून पोकलेन चालवायचा. घाटात दरड आली की ठेकेदार आधी भरतला फोन लावायचे, कारण दरीच्या तोंडाशी मशीन उभं करून एक दगड खाली न सोडता माती उपसणारे लोक तालुक्यात तीन-चारच होते. दहा टनांचं लोखंड तो दोन बोटांवर खेळवायचा. पण मशीनवरून खाली उतरला की स्वतःचे हात मात्र त्याच्या ताब्यात नसायचे. एका डंपरवाल्याचे दोन दात त्यानं पाना मारून पाडले होते. घरी चहा गार लागला तर कप आधी भिंतीवर जायचा, मग हात नूतनवर.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते घडलं. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वीज गेलेली, पंखा बंद, पत्रा तापलेला. फोनवर ठेकेदार भरतला आईवरून बोलत होता, आंबेनळीच्या कामावरून काढतो म्हणत होता. भरत "हो साहेब, हो साहेब" करत ऐकत होता. दारात त्याची अकरा वर्षांची मुलगी समीक्षा आणि शेजारची अंकिता मोबाइलवर काहीतरी बघत बसल्या होत्या. भरतनं फोन ठेवला आणि नेमक्या त्याच क्षणी पोरी खिदळल्या.

त्याला वाटलं, आपल्यालाच हसल्या.

त्यानं उजव्या हाताची सणसणीत थप्पड समीक्षाच्या कानशिलात मारली. पोरगी चौकटीवर आपटून खाली पडली. ओरडली नाही, नुसती तोंड उघडं टाकून बसली, आणि डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली. अंकिता किंचाळत घरी पळाली.

दवाखान्यात नूतननं सांगितलं की मुलगी पायऱ्यांवरून पडली. डॉक्टरीणबाईंनी समीक्षाच्या गालावर उमटलेले चार वळ पाहिले.

"पायऱ्यांना बोटं नसतात," त्या म्हणाल्या.

कानाचा पडदा फाटला होता. तो भरून येईल, पण आतल्या नसेलाही मार बसला आहे, डाव्या कानानं आता जवळजवळ ऐकू येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बोलताना त्या भरतकडे बघत नव्हत्या. भरतनं तिथंच भिंतीवर डोकं आपटून घेतलं, रडला, पोरीचे पाय धरायला वाकला. समीक्षानं पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नूतन मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना ना भांडली, ना रडली. भरतला हे नवीन होतं. आठ दिवस तो रिकाम्या घरात येरझाऱ्या घालत राहिला आणि नवव्या दिवशी तिला आणायला निघाला.

नूतनचं माहेर उमरठच्या वरच्या अंगाला, दीड तासाच्या चढणीवर. डोंगराच्या खांद्यावर नऊ घरांची वाडी. त्यातल्या पाच घरांना कुलपं, माणसं मुंबईला. शेवटचं घर भागोजीचं. भागोजी म्हणजे नूतनचा बाप, सत्तरी गाठलेला, वाकलेला, पण हाडानं काटक. दोन रेडे, चार म्हशी, दहा-बारा शेरडं, नाचणी-वरीचे दोन उतार आणि भाताचं एक खाचर, एवढ्यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, सगुणाबाईचं चालायचं.

भरत अंगणात आला तेव्हा भागोजी काठी घेऊन उभाच होता. त्यानं पहिला तडाखा गुडघ्यावर घातला. भरत वाकला तसा दुसरा खांद्यावर, तिसरा कानावर. तिसऱ्याला भरतच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्यानं काठी धरली, एका हिसक्यात काढून घेतली आणि म्हाताऱ्याला छातीत ढकललं. भागोजी तुळशीवृंदावनावर पडला. भरतनं काठी दोन्ही हातांनी वर उचलली.

"मारा!" सगुणाबाई दारातून ओरडली. "मारा, म्हणजे एकदाचं आटपेल!"

तिच्या मागं समीक्षा उभी होती. तिनं दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. मार तिला पडणार नव्हता, तरी तिचं अंग मार घ्यायला तयार झालं होतं.

भरतच्या हातातून काठी गळाली. तो तिथंच मातीत बसला.

"उतर खाली," भागोजी उठत म्हणाला. जावयाला इतकी वर्षं तो 'तुम्ही' म्हणत आला होता. "माझ्या पोरीचं तोंड तुला दिसायचं नाय."

भरत उतरला नाही. गोठ्याच्या पडवीत जाऊन बसला. तीन दिवस तो तिथंच होता. सगुणाबाई भाकरी आणून दगडावर ठेवायची, तशीच निघून जायची. चौथ्या दिवशी भागोजी आला आणि दाराला टेकला.

"शपथ घेऊ नको माझ्यापुढं," तो म्हणाला. "तुझ्या शपथा नूतननं सांगितल्या सगळ्या. राहायचं तर गोठ्यात राहा. एक वर्ष. घरात पाऊल टाकायचं नाय. जनावरं तू सांभाळायची, शेणापासून चिखलणीपर्यंत. माणूस राहू दे, जनावरावर जरी हात उचललास तरी चालू लागायचं."

"आणि वर्षानंतर?"

"ते नूतन ठरवील. मी नाय, तू नाय."

भरत राहिला.

वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. दोन रेड्यांतला धाकटा, त्याला भुऱ्या म्हणत, तो अट्टल होता. पाणी पाजायला गेलं की शिंग फिरवायचा, दावं सोडलं की पायावर पाय द्यायचा. भरतला त्याचा एवढा संताप यायचा की दातांखाली खडे असल्यासारखं वाटायचं. त्यात भागोजी मुद्दाम डिवचायचा. वाडीतल्या चार माणसांत हाक मारायचा, "ए शेणकऱ्या!" भरत मूठ आवळून उभा राहायचा. ती मूठ उघडायला त्याला पाच-पाच मिनिटं लागायची. आपण हे नुसतं दाबतोय, एक दिवस फुटणार, हे त्याला आतून कळत होतं.

आणि ते फुटलंच. आषाढात चिखलणी चालू होती. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, कमरेत उसण. भुऱ्या अडला. भरत पुढं जाऊन कासरा ओढायला लागला तर रेड्यानं मान खाली घातली आणि शिंग त्याच्या मांडीत खुपसलं. भरत उताणा पडला, तोंडात चिखल गेला. उठला तेव्हा तो माणूस राहिला नव्हता. बांधावर ऐनाचा दांडका पडला होता. तो घेऊन त्यानं जुवाला अडकलेल्या त्या जनावराला झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, मानेवर, तोंडावर. रेडा हंबरत गुडघ्यांवर आला, जोडीचा दुसरा रेडा भेदरून ओढायला लागला, जू करकरलं. भरत मारतच राहिला. एक घाव शिंगाच्या मुळाशी बसला आणि शिंगाची वरची खोळ निसटून चिखलात पडली. आतलं लालभडक मांस उघडं पडलं, रक्ताचा फवारा भरतच्या तोंडावर आला. तेव्हा कुठं तो थांबला.

बांधावर भागोजी उभा होता. त्यानं पोलादपूरच्या दिशेनं हात केला, बस्स.

भरत लंगडत डोंगर उतरला आणि थोरल्या भावाकडे, नाथूकडे गेला. नाथू पोलादपूरजवळच्या मूळ गावी राहायचा. जखम बघून तो हसला.

"सासऱ्याच्या गोठ्यात शेण काढतोस? घराण्याचं नाव घालवलंस रे! बायकोचे केस धरायचे आणि आणायची. बापानं आईला असंच सरळ ठेवलं ना?"

त्याची बायको ठमाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. भरतनं तिच्याकडे पाहिलं. नाथू बोलत होता, पण ती त्याचे शब्द ऐकत नव्हती. तिचं सगळं लक्ष नाथूच्या मानेकडे होतं. मान तांबडी झाली तसा तिनं परातीजवळचा उलथणा हळूच पदराखाली सरकवला. मग नाथू उठला. कालवण अळणी होतं म्हणून त्यानं उलथणा शोधला, सापडला नाही, तेव्हा हातानंच तिच्या पाठीत तीन गुद्दे घातले. ठमाबाई प्रत्येक गुद्द्याला पुढं झुकली, परत सरळ झाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. करपू दिली नाही.

भरतनं असलं लहानपणापासून पाहिलं होतं आणि स्वतः केलं होतं. पण बाजूला बसून, हातात ताट घेऊन, पहिल्यांदाच नीट पाहिलं. नूतनही अशीच आपल्याकडे बघत असेल का? ती काय बघते? आपलं काय तांबडं होतं? त्याला ठाऊक नव्हतं.

आठव्या दिवशी तो पोलादपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला, मलम आणि जखमेची पावडर घेतली आणि पुन्हा डोंगर चढला. कुणाला काही न विचारता गोठ्यात शिरला. भुऱ्या त्याला बघून थरथरला, मागं सरकला, भिंतीला चिकटला. एवढं धिप्पाड जनावर, पण समीक्षासारखंच त्यानं डोळे मिटले. भरतला जखमेला हात लावू द्यायला त्यानं चार दिवस घेतले.

"आता पहिल्यापासनं," भागोजी दारातून म्हणाला. "आषाढापासनं आषाढ."

त्या दिवसांत एकदा सगुणाबाई भाकरी ठेवून परत गेली नाही. उंबऱ्यावर टेकली.

"जावईबापू, एक विचारू? तुम्हांला राग आधी कुठं येतो?"

"म्हणजे?"

"लोक म्हणतात तळपायाची आग मस्तकात जाते. मधी कुठं थांबते का नाय? ह्यांचा राग आधी उजव्या पायाच्या अंगठ्यात यायचा. अंगठा जमिनीत रुतायला लागला की मी कोयता-विळा लपवायची आणि पोरांना परसात धाडायची."

भरत तिच्याकडे वळला. "मामा तुम्हांला मारायचे?"

सगुणाबाईनं ओठ वर करून दाखवला. वरचे तीन दात नव्हते. "हे एका पावसाळ्यातले."

"मग थांबले कसे?"

"थांबले कुठं? म्हातारे झाले." "ताकद गेली म्हणून सुटले ते. आता त्यांना खंत वाटते, पण करून काय? तुम्हांला इथं ठेवलं ते त्यापायीच. आपल्याच्यानं जे झालं नाय ते हातात जोर असताना कुणी करतं का, ते बघायचं हाय त्यांना."

"मामी, माझा कुठं येतो?"

"मला काय ठाऊक? ज्यांनी मार खाल्ला त्यांना ठाऊक." दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीबरोबर नूतनचा निरोप आणला. "तुमचा खालचा जबडा डावीकडं सरकतो. मग तुम्ही नाकातनं एक श्वास सोडता. मग हात येतो. नूतन म्हणते, चौदा वर्षांत एकदाही चुकलं नाय."

भरतला त्या रात्री जेवण गेलं नाही. चौदा वर्षं तो म्हणत आला होता, राग कसा येतो ते कळतच नाही, डोक्यात वीज कडाडते आणि काय होतं ते समजत नाही. आणि घरातल्या दोघींना ते घड्याळासारखं ठाऊक होतं. जबडा, श्वास, हात. म्हणजे मध्ये जागा होती. छोटीशी, पण होती.

मग त्यानं शपथ घेतली नाही. एक नेम मात्र धरला. जबडा हलला की हातात जे असेल ते खाली ठेवायचं. मग ते काहीही असो. भाकरी असेल तर भाकरी, विळा असेल तर विळा, दुधाची चरवी असेल तर चरवी. ठेवायचं आणि जबडा सैल होईपर्यंत पुन्हा उचलायचं नाही.

सुरुवात माश्यांपासून झाली. दूध काढताना माश्या डोळ्यांत जात, जबडा सरके, भरत चरवी ठेवून बसे. दाव्याची गाठ सुटत नसे, दावं खाली. पहिले पंधरा दिवस तर दिवसातून तीस-चाळीस वेळा. आपण एवढे संतापी आहोत याची त्याला स्वतःलाच लाज वाटायला लागली. वाडीतली माणसं हसत. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेला हा बाप्या मध्येच वाटेवर भारा टाकून उभा राहतो, का, तर भागोजीनं वरून शिवी दिली म्हणून. "वेडा झालाय," ओम नावाचा शेजारी म्हणायचा. त्याच्या म्हणण्यानंही भारा खाली यायचा. कधी कधी भारा ठेवूनही भागायचं नाही. मग भरत तिथंच दगडावर बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचा आणि घामानं निथळायचा. रक्त कानांत धडधडायचं, मारावं, मारावं, मारावं. ती लाट गेल्यावर अंग तापातून उठल्यासारखं गळून जायचं. गंमत म्हणजे लाट गेली की ज्याला मारायचं होतं तो माणूस पूर्वीसारखाच समोर उभा असायचा, विडी ओढत.

दिवाळीपर्यंत हे तीस-चाळिसाचं पाच-सहावर आलं. भुऱ्या आता त्याच्या हातून पाणी प्यायचा. समीक्षा उमरठच्या शाळेत जायला लागली होती, गोठ्यावरून जाताना मान वळवायची नाही. एकदा कार्तिकात तिनं थांबून विचारलं, "तुम्ही सारखं सगळं खाली का ठेवता?"

भरतनं खरं सांगितलं. "नाय ठेवलं तर मारीन म्हणून."

ती दप्तर सावरून गेली. पण दुसऱ्या दिवशी तिनं मान वळवली.

माघात नाथू आला. उजाडलं होतं, नूतन अंगण सारवत होती, भरत गोठ्यामागं शेण टाकत होता. नाथूच्या कमरेला कोयता होता. प्यायलेला नव्हता; प्यायलेला असता तर बरं झालं असतं. आदल्या दिवशी बाजारात कुणीतरी 'तुझा भाऊ घरजावई झाला' म्हणून त्याची टर उडवली होती.

"ऊठ," तो नूतनला म्हणाला. "गाठोडं बांध."

"मी कुठं येणार नाय, भावोजी."

नाथूनं तिचे केस धरले आणि तिला तशीच ओल्या सारवणावरून फरपटत वाटेकडे ओढलं. नूतन किंचाळली. समीक्षा घरातून धावत आली आणि काकाच्या दंडाला चावली. त्यानं तिला झटकलं, ती पायरीवर जाऊन आपटली.

भरत गोठ्याच्या कोपऱ्यावरून आला आणि त्यानं मागून नाथूला मिठी घातली. नूतन सुटली. दोघं भाऊ घसरून पडले, कोलमडत उतारावरच्या कुंपणात गेले. नाथूनं कोयता उपसला. पहिला वार हवेत गेला. दुसरा भरतच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. मांस फाटलं, पांढरं हाड दिसलं. भरतला दुखलंच नाही. त्यानं डोक्यानं नाथूच्या नाकावर धडक दिली, हाड मोडल्याचा आवाज आला. पुढच्या क्षणी तो नाथूच्या छातीवर बसला होता आणि कोयता त्याच्या उजव्या हातात होता.

"मार!" नाथू रक्त थुंकत ओरडला. "हात हाय का बांगड्या? तुझी एक पोर, तीपण बहिरी! तीपण तूच केलीस! कुठला साधू रे तू?"

ते खरं होतं. म्हणूनच ते सगळ्यांत खोल गेलं. भरतचा जबडा डावीकडं सरकला. नाकातून श्वास सुटला. कोयता वर गेला होता, खाली नाथूचा गळा होता, त्यावरची शीर उडताना दिसत होती. दोन बोटांवर मशीन खेळवणाऱ्या माणसाला नेमकं कुठं मारायचं ते कळत होतं. अंगातला कण अन् कण त्या हाताला खाली चल म्हणत होता.

त्यानं हात उघडला. कोयता मागं कुठंतरी पडला, दगडावर खणखणला, उतारावरून घरंगळत गेला.

मग त्यानं नाथूची दोन्ही मनगटं धरली आणि जमिनीवर दाबली. कापलेल्या डाव्या हातात जोर राहत नव्हता, तरी दाबली. नाथू तडफडला, गुडघे मारले, थुंकला, भरतच्या दंडाचा लचका तोडला. भरतच्या हातातलं रक्त नाथूच्या तोंडावर, डोळ्यांत ठिबकत होतं.

"मी मारणार नाय," भरत म्हणत होता. दात वाजत होते. "आणि उठणार पण नाय. तू दमेस्तोवर. मी मारणार नाय, आणि उठणार नाय."

तेवढ्यात भागोजी काठी घेऊन धावत आला. त्याच्या डोळ्यांत जुनं काहीतरी पेटलं होतं. नाथूच्या डोक्याचा नेम धरून त्यानं काठी उचलली, आणि ती वरच अडकली. सगुणाबाईनं मागून धरली होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या हातातली काठी कधी धरली नव्हती. "सोडा," ती म्हणाली. "सोडा म्हणते ना!" म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, आणि त्यानं सोडली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ओम आणि आणखी दोघं दोर घेऊन आले तेव्हा नाथू रडत होता. भरत अर्धवट शुद्धीत होता, पण त्याची बोटं नाथूच्या मनगटांवरून ओढून काढावी लागली.

डोलीत घालून खाली, तिथून जीपनं महाड. एकोणतीस टाके पडले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पुढं कधी पुरती मिटली नाहीत. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा नूतननं दिरावर तक्रार नोंदवली. भरतला वाटलं होतं, भाऊ आहे, मिटवावं. त्यानं तोंड उघडलं, नूतनकडे पाहिलं आणि सही केली. ठमाबाई दोन दिवसांनी दवाखान्यात येऊन गेली. नाथू कोठडीत होता. डब्यातून मऊभात आणला होता, तो ठेवून गेली.

टाके निघाल्यावर भरत परत गोठ्यातच गेला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. वर्ष पुरं व्हायला पाच महिने होते.

आषाढ आला, चिखलणी झाली. एका सकाळी भागोजीनं गोठ्याच्या दारात येऊन सांगितलं, "आज घरात जेवा." वर्षभरानंतर 'तुम्ही' ऐकून भरतला कसंतरीच झालं. ताटं मांडली होती. भागोजी बराच वेळ भाताशी खेळत राहिला आणि मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "मला नाय जमलं. सगुणे, मला नाय जमलं गो." सगुणाबाईनं त्याच्या भातावर आमटी वाढली. माफ केलं असं ती म्हणाली नाही.

हात धुतल्यावर नूतननं भरतला पडवीत बसवलं.

"मी महाडला त्या खोलीत येणार नाय," ती म्हणाली. "पोलादपुरात दोन खोल्या बघितल्यात. भाडेपावती माझ्या नावावर, किल्ली माझ्याकडं. आई सहा महिने आपल्याकडं राहील. एक जरी चापट पडली, मला नायतर हिला, तर त्या दिवशी तुम्ही बाहेर. मागच्यासारखी मी निघायची नाय, तुम्ही निघायचं. कबूल?"

"कबूल."

"रडायचं नाय. पाया पडायचं नाय."

"नाय."

"राग गेला का तुमचा?"

भरतला एक सोपं उत्तर देता आलं असतं. त्यानं ते दिलं नाही. "रोज येतो. काल दोनदा आला. समीक्षा उलटून बोलली तेव्हा आला, मी पाण्याला निघून गेलो."

"मला दिसलं," नूतन म्हणाली. "तुम्ही परत आलात तेपण दिसलं."

श्रावणात ते खाली उतरले. भरतच्या डोक्यावर तांदळाचं पोतं, सगुणाबाईच्या हातात तिची ट्रंक, नूतनच्या काखेला भांड्यांचं गाठोडं. समीक्षा सगळ्यांत पुढं होती, वाट निसरडी आहे, एसटी चुकणार, म्हणून सारखी कुरकुरत होती. उमरठला एसटी खरंच चुकली. पुढची दीड तासानं होती. सगळे फाट्यावरच्या टपरीच्या बाकावर बसले. समीक्षा भरतच्या उजव्या अंगाला, ज्या हातानं त्यानं मारलं होतं त्या बाजूला येऊन बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून, आणि म्हणाली, "मला भजी पायजेत." भरत भजी सांगायला उठला.